सुरगाठ

हजेरीपटावर तिचे एक नाव होते, पण ते हजेरीपटावरच राहिले. बाकी सगळ्यांसाठी ती सोडवणकाकू. अठरा हातमागांच्या त्या कारखान्यात जे काही गुंतायचे ते फिरून फिरून तिच्या पुढ्यात येऊन पडायचे. रिळावरून घसरलेले सूत, मांजराने खेळून सोडलेली लड, घाईत उलटी उकललेली गुंडी. बाहेरचीही माणसे यायची. कुणी गळ्यातली बारीक साखळी आणायचे, कुणी कानात घालायच्या वायरींचा गोळा. एका गृहस्थाने मासे धरायचे अख्खे जाळे आणून ओतले होते. त्याचा वास खोलीत आठवडाभर मुक्कामाला होता. शेजारच्या एका बाईने तर भावाभावांचे भांडण आणले. काकूने मान वर न करता सांगितले, "सुताचं असेल तर ठेवून जा. माणसांचं मला जमत नाही. माणसं मधेच ओढतात."

ओढायचे नाही, हा तिचा पहिला नियम होता. दुसरा नियम ऐकून नवे लोक चक्रावायचे: टोक शोधायचे नाही. गुंता दिसला की माणूस आधी टोक शोधतो, सापडले की आनंदाने ओढतो, आणि जिथे नुसता वेढा होता तिथे गाठ आवळली जाते. काकू टोकाकडे बघतही नसे. खिडकीखाली ती चादर अंथरायची, गडद सुताला पांढरी आणि पांढऱ्या सुताला काळी. त्यावर गुंता ठेवून दोन्ही हातांची बोटे खालून घालायची आणि कापूस पिंजावा तसे त्याला हलके हलके उचलत राहायची. मुठीएवढा गुंता बघता बघता परातीएवढा व्हायचा. पाहणाऱ्याला वाटायचे, बाईने होते त्याहून वाटोळे केले.

"आधी त्याला मोठा होऊ द्यायचा," ती म्हणायची. "आत हवा गेली की कुठे अडलाय ते तोच सांगतो."

मग कधीतरी एक टोक आपसूक बाहेर लोंबायचे. ते ज्या वाटेने आले असेल त्याच वाटेने काकू त्याला मागे न्यायची, या वेढ्याखालून, त्या वेढ्यावरून. घाई नाही, कंटाळा नाही. तिच्या बोटांच्या पेरांवर सुताने बारीक रेघा पाडल्या होत्या. नवी लड हातात आली की ती आधी त्या रेघांवरून ओढून बघायची, जशी दुसरी एखादी बाई कापड गालाला लावून बघते.

अशा बाईचे घर कसे असेल? दिव्याखाली अंधार. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, ढिगाखाली चष्मा, चष्मा शोधताना सापडलेली परवाची हरवलेली किल्ली. तिची सून शाळेत विज्ञान शिकवायची आणि घर आवरायची, आणि दोन्ही कामे सारखीच निष्फळ आहेत असे हसत हसत म्हणायची. "आई, अख्खं गाव तुमच्याकडे गुंते सोडवायला येतं, आणि तुम्हाला तुमचा कंगवा सापडत नाही." यावर काकूचे ठरलेले उत्तर होते: दिवसभर जेवढी शिस्त अंगात असते तेवढी कारखान्यातच संपते, घरी आणायला उरत नाही. सून ते हसण्यावारी नेई.

कारखान्यात काकूच्या तोडीस तोड माणूस एकच होता, रंगारी. सत्तरीला टेकलेला, कोपरापर्यंत हात कायमचे रंगलेले, डोळे अलीकडे जरा मंद. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला बाई म्हणायचा. तीस वर्षे दोघांनी एकमेकांची कामे जवळून पाहिली होती आणि तीस वर्षे एकच वाद घातला होता. रंगाची चिमूट तो गरम पाण्यात सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. रंग आधी धुरासारखा उतरायचा, मग त्याला फाटे फुटायचे, मग सगळे पाणी एकसारखे.

"बघा," तो म्हणायचा, "मी काही पसरवत नाही. त्याचा तोच पसरतो. मी नुसता दार उघडतो."

"म्हणजे तुमचं काम उताराचं," काकू म्हणायची. "सोडलं की निघालं. माझं चढाचं. पसरलेला रंग परत चिमटीत आणून दाखवा, मग तुम्हाला मानीन."

रंगाच्या हंड्यात जाण्याआधी प्रत्येक लड बांधावी लागे. लडीला चार ठिकाणी आत-बाहेर नागमोडी दोरा फिरवून त्याची गाठ मारायची, म्हणजे पाण्यात धागे जागा सोडत नाहीत. हे बांधायचे कामही काकूचेच. इथे ती आपली खास करामत करी. निरगाठ न मारता सुरगाठ मारी, एक टोक ओढले की सुटणारी. दुसऱ्या कारखान्यांत रंगवून आलेल्या लडींच्या निरगाठी सुया घालून उकलाव्या लागत, कंटाळून कुणी कात्री लावली की बंधाबरोबर सूतही कापले जाई. काकूच्या लडी चार झटक्यांत मोकळ्या. बघायला आलेल्यांना ती मुद्दाम करून दाखवायची. गुंते सोडवण्यात जन्म घालवलेल्या बाईला न सुटणारी गाठ मारणे जिवावर येत असे, हेही खरे.

त्या वर्षी एका मोठ्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा विणायचे काम आले. गडद निळा, थोडा हिरवटाकडे झुकलेला. तो निळा रंग फक्त या रंगाऱ्याला साधायचा, आणि ज्या पुडीतून तो यायचा ती बनवणारे दुकान बंद पडले होते. शेवटची पुडी उरली होती. तिच्यात अकरा लडी रंगणार, पडद्याच्या ताण्याला, म्हणजे मागावर लावायच्या उभ्या धाग्यांना, बरोबर अकराच लागणार. एक लड कमी पडली तरी तसा निळा पुन्हा मिळायचा नाही.

कारखान्याची मालकीण तरुण होती, वडिलांच्या मागे एकटीने सगळे ओढत होती. म्हाताऱ्या रंगाऱ्याला दोन-दोन तास काठीने लडी फिरवाव्या लागू नयेत म्हणून तिने हौसेने ढवळायचे यंत्र आणले. सोमवारी ते पहिल्यांदा चालू झाले. रंगाऱ्याने रंग सोडला, लडी सोडल्या, कळ दाबली आणि रंगात घालायचे मीठ तोलायला आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा पात्याभोवती ओल्या मेंढीएवढे काहीतरी निळे गरगरत होते.

अकराच्या अकरा लडी एकात एक. सगळा कारखाना गोळा झाला. सगळ्यांनी आधी हंड्याकडे पाहिले आणि मग रंगाऱ्याच्या डोळ्यांकडे. तोच म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं, मी जायला नको होतं. मालकीण रागावली नाही. त्यामुळे जास्तच वाईट झाले. ती हळू आवाजात म्हणाली, दादा, तुम्ही खूप केलंत, आता पुढच्या महिन्यापासून गोदामात बसा, रंगाचं मी दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगते. रंगाऱ्याने मान हलवली आणि निळे हात पंच्याला पुसू लागला, जणू ते पुसले जाणार होते.

काकू तेवढ्यात हंड्यावर वाकली होती. पाण्यावर बंधाचा एक दोरा तरंगत होता. तुटलेला नव्हता. अख्खा होता, मधोमध गाठीची मोड अजून दिसत होती, आणि सुटला होता. तिच्या बोटांना कुणी सांगायची गरज नव्हती. काठीने फिरवणारा हात लडीला सांभाळून वळवायचा, म्हणून तीस वर्षे सुरगाठ टिकली. पाते तसे वळवत नाही. ते ओढते. आणि ओढले की सुटावी अशीच तर ती गाठ होती.

तिने तो दोरा पिळला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. बोलली मात्र वेगळेच. मालकीण म्हणत होती की आता कापून जोडण्याशिवाय इलाज नाही. विणकर म्हणाला, ताण्यात गाठी चालायच्या नाहीत, मागाच्या फणीत प्रत्येक गाठ अडकेल आणि धागा तुटेल. काकू म्हणाली, "ताई, कात्री लावू नका. मला शनिवार संध्याकाळपर्यंत द्या."

मंगळवार नुसता वाळवण्यात गेला. ओल्या सुताला हात लावायचा नाही. ओले धागे एकमेकांना चिकटतात आणि खोटे बोलतात, असे ती म्हणे. दिवसभर ती त्या निळ्या ढिगाशेजारी हात मांडीवर ठेवून बसली. चष्मा काढायला डबी उघडली की दोरा दिसे. डबी मिटली तरी दिसे.

बुधवारी सकाळी पांढरी चादर पसरली. मेंढीची गाय झाली. खोलीचा अर्धा भाग निळ्याने भरला, दार उघडायला बंदी, पंखा बंद. दुपारी पहिले टोक मिळाले. रंगारी चहा घेऊन आला तो तिथेच बसला. मोकळे झालेले सूत धरायला कुणीतरी हवेच होते. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि काकू त्यांच्यावर वेढे टाकत गेली. बुधवारी दोन लडी निघाल्या, गुरुवारी तीन. बोलणे झाले ते सुताचेच. एकदाच रंगारी म्हणाला की गोदामात खिडकी नाही, तेवढे एक वाटते. काकूचा हात थांबला. मग तिने विचारले, हात दुखले का, आणि पुढचा वेढा टाकला.

शुक्रवारी सुनेच्या शाळेला सुट्टी होती. सासूला डबा द्यायला म्हणून ती आली आणि दारातच उभी राहिली. सासूला काम करताना तिने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. खिडकीतून येणाऱ्या उजेडात काकूची बोटे त्या निळ्यात जात होती, थबकत होती, काहीतरी ऐकल्यासारखी वळत होती. एक वेढा सुटला की आसपासचे पाच-सहा वेढे श्वास सोडल्यासारखे सैल पडत. सून चपला काढून चादरीच्या कडेला बसली. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "आई, हे मी वर्गात शिकवते. पण मला हे येत नाही."

"काय शिकवतेस? गुंता?"

मग सुनेने सांगितले. फळीवर एका तबकात विणकराच्या सूत गुंडाळायच्या कांड्या होत्या, दहा पांढऱ्या आणि दहा काळ्या. तिने त्या नीट लावल्या, डावीकडे पांढऱ्या, उजवीकडे काळ्या, आणि तबक हलवले. कांड्या मिसळल्या. पुन्हा हलवले, आणखी मिसळल्या. आता कितीही हलवा, म्हणाली, परत पहिल्यासारख्या लागायच्या नाहीत. लागू नयेत असा काही नियम नाही बरं का. पण नीट लागण्याच्या तऱ्हा मोजक्या आणि विस्कटण्याच्या तऱ्हा लाखो. तबकाला आवडनिवड नसते. ते आंधळेपणाने एक तऱ्हा उचलते, आणि आंधळ्याच्या हाताला लाखातलीच लागणार. चहा गार होतो तो याच कारणाने, त्याची ऊब खोलीभर पसरते आणि परत कपात गोळा होत नाही. समोर बसलेल्या रंगारीकाकांचा रंग पाण्यात पसरतो तोही याचमुळे.

"ऐकलंत दादा?" काकू म्हणाली. "तीस वर्षं सांगतेय, उताराचं काम आहे."

"आणि तुम्ही चढ चढताय, ते काही फुकट नाही," सून म्हणाली. "तुम्ही इथे हातभर सूत सरळ करता, तेवढ्यात तुमच्या अंगातली ऊब या खोलीत पसरते. खाल्लेलं अन्न जळतं. सगळं धरलं तर जगातला पसारा एकंदरीत वाढलेलाच असतो."

"म्हणजे मी इथं बसून जगाचा पसारा वाढवतेय?"

"हो."

"मग घरातल्या तेवढ्याशाचं एवढं काय घेऊन बसतेस?"

रंगारी चार दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याच्या हातांवरचे सूत हलले आणि काकूने डोळे वटारले. सुनेला त्याचे हसणे पाहून बरे वाटले असावे. ती त्याच्याकडे वळून मायेने म्हणाली, काका, तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत. यात कुणाचाच दोष नाही. सूत आहे, पाणी आहे, हलणार आणि गुंतणार. सृष्टीचा नियमच आहे तो.

रंगाऱ्याचा चेहरा थोडा सैल झाला. काकूच्या बोटांत एक धागा होता, आठव्या लडीचा, आणि ती त्याला पुढेही नेईना, मागेही नेईना. किती सोपे होते. सुनेने इतकी सरळ वाट काढून दिली होती. नुसते हं म्हटले असते तरी पुरले असते. दादाच्या माथ्याचा ठपका जरा हलका झाला असता आणि डबीतला दोरा डबीत राहिला असता.

तिने धागा चादरीवर ठेवला. हात पदराला पुसले. डबी उघडून तो दोरा सुनेपुढे धरला.

"नियम खराच आहे गं," ती म्हणाली. "पण ज्याला माहीत नाही त्याने तो सांगावा. मला माहीत होता. सूत गुंतणारच, म्हणून तर ते बांधायचं असतं. बांधायचं काम माझं होतं." मग रंगाऱ्याकडे न बघता, "दादा, गाठ माझी सुटली. तुम्ही मीठ आणायला गेला नसता तरी सुटली असती."

रंगाऱ्याच्या हातांवर सूत होते, त्यामुळे त्याला दोरा घेता आला नाही. त्याने नुसते वाकून पाहिले. जवळ, मंद डोळ्यांना लागते तितके जवळ. मग म्हणाला, "चार दिवस हे जवळ ठेवून बसलात?"

"हो."

"आणि मला वाटलं तुमचा हात या वेळी जड झालाय." एवढेच बोलून त्याने हात परत पुढे केले.

संध्याकाळी काकू मालकिणीच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. यंत्र नको होते असे म्हणाली नाही, मला कुणी सांगितले नाही असेही म्हणाली नाही. दोरा ठेवला आणि सुरगाठ मारून दाखवली, सोडून दाखवली. मालकिणीने विचारले, इतकी वर्षे मग हीच गाठ कशी चालली?

"इतकी वर्षं दादांचा हात होता, ताई. गाठ टिकत नव्हती. ते टिकवत होते. मला वाटायचं माझी गाठच चांगली."

मालकिणीने तो दोरा घेऊन गाठ स्वतः मारून पाहिली. ओढली. सुटली. पुन्हा मारली. काकू मात्र थांबली नाही, कारण खिडकीत अजून अर्ध्या तासाचा उजेड होता.

शनिवारी सूनही आली. तिने चादरीच्या दुसऱ्या कडेला बसून हलके हलके उचलायचे काम केले. दोनदा टोक शोधले, दोनदा ओरडा खाल्ला. नववी लड दुपारपर्यंत निघाली, दहावी चारला. अकरावीतला शेवटचा गुंता बोराएवढा राहिला. पात्याच्या दांड्यावर आवळून तो असा बसला होता की त्यात हवा जाईना. काकूने तो तासभर पिंजला. खिडकीतले ऊन भिंतीवर चढले. मग तिने स्वतःच कात्री मागितली. कारखान्यात तिच्या हातात कात्री कुणी पाहिली नव्हती. एकदाच लावली, दोन टोके मोकळी केली आणि त्यांची इतकी बारीक गाठ मारली की सुनेला ती बोट फिरवून शोधावी लागली. विणकराने सांगितले, तो धागा पडद्याच्या अगदी कडेला घेतो, शिवणीत दुमडून जाईल.

अकरा निळ्या लडी दांडीवर टांगल्या होत्या. शेजारी शेजारी, पाण्याच्या धारांसारख्या. मालकीण येऊन त्यांच्यावरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली. रंगारी कोपऱ्यात उभा होता. ती म्हणाली, दादा, सोमवारी तपकिरी रंग लावायचाय, यंत्राचा वेग किती ठेवायचा ते तुम्ही उभं राहून ठरवा. आणि म्हणाली, गोदामाचं राहू दे.

सोमवारी सकाळी काकू बंध बांधायला बसली. आता निरगाठी. दोरा दातात धरून ती प्रत्येक गाठ आवळायची आणि आवळताना तोंड असे करायची जणू कुणी तिला कडू औषध पाजत आहे. रंगाऱ्याने पहिली लड उचलली, बंधाचे टोक धरून झटका दिला. गाठ हलली नाही. दुसरा बंध, तिसरा, चौथा. त्याने चारही तपासले.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

"घट्ट आहे तर. एकेक सोडवायला पाव तास जाईल माझा."

"मग बसा पाव तास. मी चहा आणीन."

त्याने पुडी फोडली, तपकिरी चिमूट पाण्यात सोडली आणि हात मागे घेतला. रंग धुरासारखा उतरला, त्याला फाटे फुटले. काकूने पुढची लड मांडीवर घेतली आणि दोरा दातात धरला.